दाराच्या आत, वर्गाच्या बाहेर

१९१४ सालची गोष्ट. महाड तालुक्यातल्या रामचंद्र बाबाजी मोरे नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि तो पास झाला. पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचं होतं. शिष्यवृत्ती पदरात होती, म्हणजे फीची चिंता मिटली होती. अडचण निघाली ती जातीची. मुलगा महार, म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या एवढ्याशा पोराने झाला प्रकार पत्रातून वर्तमानपत्राला कळवला. पत्र छापून आलं, बोभाटा झाला आणि शेवटी त्याला दाखल करून घ्यावं लागलं. पण बसायची जागा मात्र इतर मुलांच्या ओळीत मिळाली नाही. ती वेगळी होती, वर्गाच्या बाहेर.

हाच मुलगा पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या जुळवाजुळवीत तो पुढे होता. त्याच परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. हा इतिहास शाळेतल्या प्रत्येक मुलाने वाचलेला असतो. त्याच्या तेरा वर्षं आधीची, त्याच गावातली ही शाळेची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

ती सांगायला हवी, कारण शाळा न्यायाने चालते की नाही हे ओळखायची खूण तिच्यात आहे. मोऱ्यांचं नाव हजेरीपटावर होतं. उद्या कोणी आकडे गोळा करायला आलं असतं, तर 'दाखल' या रकान्यात त्यांची नोंद झाली असती. कागदोपत्री शाळेने त्यांना सामावून घेतलं होतं. तरीही शाळा जशी होती तशीच राहिली होती. त्या एका मुलासाठी तिने आपल्या घडणीत काडीचाही फरक केला नव्हता.

आज जातीवरून प्रवेश नाकारणं गुन्हा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. दार उघडलं. पण दाराच्या आत येऊनही वर्गाच्या बाहेर राहिलेली मुलं आजही आहेत, आणि त्यांना बाहेर ठेवणारा कोणी एक माणूस आता दाखवता येत नाही. ते काम शाळेचा साचा करतो. या प्रकरणात तो साचा कुठून आला, महाडजवळच्या वरंधच्या डोंगरात तो कसा अडतो आणि तो बदलायचा कसा, ते पाहू.

इयत्ता नावाची चौकट

एका वयाची मुलं एका खोलीत, एका शिक्षकापुढे, एकाच दिवशी पुस्तकाच्या एकाच पानावर. शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. ते इतकं अंगवळणी पडलंय की शाळा कायमच अशी असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ही रीत दीडएकशे वर्षांची.

त्याआधी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धुळपाटीवर अक्षर गिरवायचं, संध्याकाळी परवचा म्हणायचा. लहानमोठी मुलं एकत्र बसत आणि थोरली धाकट्यांचं अक्षर वळवून घेत. ज्याला जेवढं आलं त्याच्या पुढचं त्याला मिळे. आजच्या भाषेत तो बहुवर्ग होता. अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने वाळूत अक्षरं गिरवणं आणि मुलांनी मुलांना शिकवणं ही इथली रीत उचलली. १७९७ मध्ये त्याने त्यावर लिहिलं आणि इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत ती पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. छडी तिथे होतीच, आणि मुली, अस्पृश्य व बहुतेक कष्टकरी जातींची मुलं तिच्या आसपासही फिरकू शकत नव्हती. तिची रीत लवचीक होती आणि तिचं दार बंद होतं.

आपण ज्याला इयत्ता म्हणतो तिला करकरीत आकार आला तो हिशेबातून. १८६२ मध्ये इंग्लंडात नवी नियमावली आली. सरकार शाळेला पैसे देणार, पण मुलं परीक्षेत किती उतरतात त्यावर. त्यासाठी सहा पायऱ्या ठरवल्या गेल्या आणि प्रत्येक पायरीवर वाचन, लेखन व गणितात नेमकं काय यायला हवं ते लिहून काढलं गेलं. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही अनुदानाला हाच निकष लागला. मग 'दिपोटी', म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी, येणार म्हटलं की गावची शाळा थरथरू लागे. जो मुलगा परीक्षेत उतरेल तो शाळेला पैसा मिळवून देणार. जो उतरणार नाही, शेतीच्या कामांमुळे महिनोन्महिने गैरहजर राहणार, ज्याच्या घरात पुस्तकी भाषा नाही, त्याच्यावर घालवलेला वेळ वाया. अनुदानाची ती पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली. तिने लावलेली नजर मात्र राहिली. 'हा चालणारा', 'हा मागे पडलेला' ही भाषा तिथलीच.

या साच्यावर पहिलं मोठं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला: सरकारी तिजोरीत भर पडते ती रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी प्रसिद्ध आहे. त्याच निवेदनात ते शाळेच्या घडणीबद्दलही बोलले. खेड्यातल्या शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार व्हावेत. लोकांत मिसळणारे, गरज पडली तर नांगराची मूठ धरू शकणारे. मूल शाळेच्या मापाचं करण्याआधी शाळा मुलाच्या मापाची करा, हेच त्यांचं सांगणं होतं. त्याला एकशे चाळीस वर्षं उलटून गेली.

तीनशे मिनिटांचा हिशेब

महाडहून भोरकडे निघालं की बिरवाडी मागे टाकल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. घाटाच्या पायथ्याला वरंध. जवळच शिवथरघळ, जिथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. सुवाच्य अक्षर कसं काढावं, कागद-लेखणीची निगा कशी राखावी यावर या ग्रंथात एक आख्खा समास आहे. लिहायला शिकण्याचं मोल या खोऱ्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

आता मुख्य रस्ता सोडून एखाद्या वाडीकडे चढायला लागू. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात गाव म्हणजे एकगठ्ठा घरं नसतात. डोंगराच्या सोंडेवर एक वाडी, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे एक कोंड, वर धनगरवाडा, खाली कातकऱ्यांची वस्ती. घरातली तरणी माणसं मुंबई, पुणे, सुरत अशी पांगलेली. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी आले की वाडी भरते आणि पुन्हा ओस पडते. जाताना पुष्कळदा बायका-मुलंही बरोबर जातात. म्हणून वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट पंधरा, बारा, आठ असा उतरत जातो.

अशा एका शाळेतली सकाळ नजरेसमोर आणू. एक खोली, पहिली ते चौथीची चौदा मुलं. परिपाठ, मधली सुट्टी आणि खिचडी वगळली तर शिकवायला मिळतात साधारण पाच तास, म्हणजे तीनशे मिनिटं. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले, रजेवर असले, त्यांची जागाच रिकामी राहिली, की दुसऱ्या बाई एकट्या. त्यांनी तीनशे मिनिटं चार इयत्तांत सारखी वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला येतात पंचाहत्तर. उरलेली दोनशे पंचवीस मिनिटं मूल काय करतं? 'धडा उतरवून काढा.' 'पाढे लिहा.' मूल गप्प असतं, हात चालू असतो, वही भरत जाते. शिकणं मात्र थांबलेलं असतं. दिवसाचा तीन चतुर्थांश भाग ते मूल वर्गात बसून वर्गाच्या बाहेर असतं.

यात बाईंचा काय दोष? त्यांना चार पुस्तकं, चार वेळापत्रकं आणि चार परीक्षा दिलेल्या आहेत. शहरातल्या चार खोल्यांत चार शिक्षकांनी करायचं काम एका खोलीत एका माणसाच्या अंगावर टाकलंय. डी.एड.ला जे शिकवलं त्याचा भर एका इयत्तेला एक पाठ कसा द्यायचा यावर होता. चार इयत्ता एकत्र कशा चालवायच्या हे प्रत्येक जण आपापल्या परीने चाचपडत शिकतो.

आणि मोठ्या शाळेत तरी सगळं आलबेल आहे का? ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २०२४ मध्ये तिसरीतल्या दर शंभर मुलांपैकी साधारण सत्तावीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे तिसरीच्या वर्गात तिसरीचं पुस्तक उघडलं की बहुसंख्य मुलांना ते पेलत नाही. इयत्ता तीच, वय तेच, पण एक पूर्ण उतारा वाचतो, दुसरा शब्दांपाशी अडतो, तिसऱ्याला अजून अक्षरओळख नाही. खरं तर प्रत्येक वर्ग बहुवर्गच असतो. वाडीच्या शाळेत तो उघड दिसतो, शहरात बाकांच्या रांगांमागे झाकला जातो.

दिवाळीनंतरचा रिकामा कोपरा

वेळापत्रकाइतकाच वार्षिक दिनदर्शिकेचा साचा घातक ठरतो, विशेषतः कातकरी मुलांसाठी. कातकरी ही महाराष्ट्रातली आदिम जमात, रायगडात तिची वस्ती मोठी. पावसाळ्यात ही कुटुंबं घरी असतात. भाताची लावणी, कापणी आटोपली आणि दिवाळी झाली की पाड्यातली चूल विझते. कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायच्या कामावर निघतात. मुलं मागे कोणाकडे ठेवणार? तीही जातात. परत येतात ती उन्हाळा सरता सरता, पावसाच्या तोंडावर.

शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं. म्हणजे ज्या महिन्यांत भागाकार येतो, जोडाक्षरं पक्की होतात, वर्षाअखेरीची परीक्षा होते, नेमक्या त्याच महिन्यांत हे मूल भट्टीवर असतं. जूनमध्ये ते परततं तेव्हा वरच्या इयत्तेत बसतं आणि पुस्तक पहिल्या पानापासून असं गृहीत धरतं की मागचं सगळं झालंय. चार वर्षं असं झालं की मूल पाचवीत पोचतं, पण त्याच्या हाती चार पहिली सत्रंच लागलेली असतात. मग पाचवीच्या मोठ्या शाळेत पहिल्याच महिन्यात त्याला कळतं की आपल्याला काहीच येत नाही. त्यानंतर ते शाळेत येणं सोडतं आणि नोंद होते: 'पालकांची उदासीनता'.

स्थलांतर होतं हे सरकारला ठाऊक आहे. मूल दुसऱ्या गावी गेलं तरी तिथल्या शाळेने घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, काही जिल्ह्यांत मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा कार्यकर्त्यांनी चालवून दाखवल्या. या प्रयत्नांनी हजारो मुलांचं बोट धरलं. तरी ते सगळे मूळ साच्याला लावलेले टेकू आहेत. वर्षाची दोन सत्रं, दुसऱ्यात परीक्षा, हा साचा जागचा हलला नाही.

भाषेचंही असंच. कातकरी बोली, धनगरवाड्यावरची बोली, कोकणपट्टीतली मराठी आणि पुस्तकातली प्रमाण मराठी यांत अंतर आहे. पहिलीतलं मूल घरचा शब्द बोलतं आणि वर्ग हसतो. त्या एका हसण्याने पुढचे कित्येक महिने ते तोंड उघडत नाही. शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. त्यासाठी पुस्तकं बदलण्याआधी एक साधी गोष्ट करता येते: मुलाने घरचा शब्द वापरला की तो फळ्यावर लिहायचा, शेजारी पुस्तकातला शब्द लिहायचा आणि दोन्ही वाचून घ्यायचे. वाडीतल्या आजीला बोलावून तिच्याकडून गोष्ट ऐकायची आणि तीच दुसऱ्या दिवशी वाचनपाठ म्हणून भिंतीवर लावायची. आपल्या आजीचे शब्द छापील अक्षरांसारखे भिंतीवर दिसले की मुलाला कळतं की ही शाळा आपलीही आहे.

बंद करायची की बदलायची?

छोट्या शाळांचा प्रश्न निघाला की सरकारदरबारी पहिला विचार येतो तो त्या मिटवण्याचा. २०१७ च्या अखेरीला दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळांत हलवायचं ठरलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. तेव्हा राज्यात अशा सुमारे १४,७०० शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं. सरासरी काढली तर शाळेमागे बारा-तेरा.

या विचारामागे एक खरी गोष्ट आहे, ती नाकारू नये. चौथीत एकटीच मुलगी असेल तर ती कोणाशी वाद घालणार, कोणाशी स्पर्धा करणार? पाच मुलांत खो-खोचा संघ होत नाही. ग्रंथालय, प्रयोगाचं साहित्य, संगीताचे शिक्षक प्रत्येक वाडीत पोचणं अवघड आहे. मुलांनी मुलांत वाढावं, हा मुलांचा हक्कच आहे.

शाळा बंद करणं म्हणजे दरवेळी अन्याय, असंही नाही. १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करायचा हुकूम काढला आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवायला लावलं. तिथेही शाळा मिटल्या, पण मुलं जवळ आली, दर्जा एक झाला. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: शाळा एकत्र केल्याने मूल शिक्षणाच्या जवळ येतं की लांब जातं?

वरंधच्या डोंगरात याचं उत्तर पायाने मोजावं लागतं. कायदा पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत मागतो. नकाशावर पलीकडची शाळा दीड किलोमीटर दिसते. मध्ये पऱ्ह्या असतो आणि जुलैत त्याला लोंढा येतो. साकव वाहून गेला की दीडचे पाच किलोमीटर होतात. २२ जुलै २०२१ ला याच महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरातल्या वाड्यांवरही डोंगर उतरला. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवावा लागतो. अशा मुलखात सहा वर्षांच्या मुलीला इरलं घेऊन दुसऱ्या गावी पाठवा, असं सांगितलं तर आई तिला घरी ठेवेल. गाडीची सोय करू, हे आश्वासन चांगल्या रस्त्याच्या गावात चालेल. जिथे गाडीचा रस्ता वाडीच्या खालीच संपतो तिथे ते कागदावर राहतं. आणि घरी आधी राहते ती मुलगी.

शाळा मुलाकडे नेणारे

मुलांना शाळेत आणायचं की शाळा मुलांकडे न्यायची, या प्रश्नाला महाराष्ट्रात फार सुंदर उत्तर मिळालेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. ताराबाईंनी पालकांना बोल लावला नाही. शिक्षक गुरांमागे गेले आणि चरणीच्या रानातच शाळा भरली. तिला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरत राहिली, मुलं पानं-फुलं-खडे मोजत राहिली. वेळ, जागा, साहित्य हे सगळं मुलाच्या दिवसाप्रमाणे वळवलं गेलं.

छोट्या, बहुवर्ग शाळेसाठीही उत्तरं तयार आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात १९७५ च्या सुमारास व्हिकी कोलबर्ट आणि सहकाऱ्यांनी डोंगराळ खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी 'एस्क्वेला नुएवा', म्हणजे 'नवी शाळा', उभी केली. मुलांनी स्वतः वाचून पुढे जावं अशा अभ्यासपुस्तिका, गटकाम, आणि सुगीला गैरहजर राहिलेलं मूल जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करण्याची मुभा. पुढे ते त्या देशाचं ग्रामीण शिक्षणाचं धोरण झालं. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या छोट्या शाळांत अभ्यासक्रमाची शिडी करण्यात आली. वर्षभराचा अभ्यास छोट्या टप्प्यांत तोडायचा, प्रत्येक टप्प्याची कार्डं करायची, मूल आपल्या टप्प्याचं कार्ड उचलतं. काही मुलं शिक्षकाजवळ, काही सोबत्याजवळ, काही एकटी. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात याच विचारातून 'नली-कली' सुरू झालं आणि नंतर राज्यभर गेलं. तमिळनाडूने तो विचार सरकारी प्राथमिक शाळांत नेला. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असे, वर्ग उभे केले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? पुन्हा त्या चौदा मुलांच्या खोलीत जाऊ. जमिनीवर कारवीच्या काड्यांचा ढीग आहे. या डोंगरात कारवीला तोटा नाही, घरांचे कूडही तिचेच होते. पहिलीची मुलं काड्या मोजतायत. दुसरीची दहा-दहाच्या जुड्या बांधतायत. तिसरीतल्या मुलापुढे गणित आहे, बत्तीस वजा सतरा. त्याच्याकडे तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या. सात सुट्या द्यायच्या आहेत आणि आहेत दोनच. तो थांबतो, इकडेतिकडे बघतो, मग एका जुडीची दोरी सोडतो. आता सुट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. दोन जुड्यांतली एक दिली, एक उरली. पंधरा. 'हातचा' म्हणजे काय हे त्याने दोरी सोडताना पाहिलं, ते आता त्याच्या हातून जाणार नाही. चौथीची मुलगी दहा जुड्यांचा भारा बांधून शंभर करते आणि तिसरीसाठी शाब्दिक उदाहरण रचते. दुसरीतला एक जण हे सगळं बघतोय. पुढच्या वर्षीचं गणित तो आत्ताच ऐकतोय.

एक ढीग, चार इयत्ता आणि तीनशे मिनिटं. आता कोणीही दोनशे पंचवीस मिनिटं नुसतं उतरवून काढत बसलेलं नाही. बाई ज्या मुलाला अडलं त्याच्याजवळ आहेत. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असणं ही आजवर शाळेची उणीव मानली गेली, इथे तीच तिची ताकद झाली. आणि वीटभट्टीवरून परतलेलं मूल जूनमध्ये आलं की ते शिडीवर जिथे थांबलं होतं तिथेच उभं राहील. त्याला कोणी मागे पडलेलं म्हणणार नाही.

हे आपोआप होत नाही. कार्डं छापून वाटली आणि शिक्षकाला तयारीला वेळ दिला नाही, तर तीही नवी पोपटपंची होते. बहुवर्ग अध्यापन हे वेगळं कौशल्य आहे आणि ते येण्यासाठी चांगल्या शाळेत महिनाभर उभं राहून पाहावं लागतं.

केंद्र हीच शाळा

मग वरंधसारख्या ठिकाणी करायचं काय? महाराष्ट्रात शाळांची 'केंद्रं' आहेत. आसपासच्या दहाएक शाळांचं एक केंद्र, एक केंद्रशाळा, एक केंद्रप्रमुख. आज केंद्राचा बहुतेक वेळ माहिती गोळा करण्यात जातो. माझं म्हणणं असं की डोंगरी भागात केंद्र हीच एक शाळा मानावी आणि वाडीतली प्रत्येक शाळा तिचा एक वर्ग.

तसं मानलं की पुष्कळ गाठी सुटतात. शिक्षक वाडीच्या पटावर मंजूर न होता केंद्राच्या पटावर मंजूर होतील. बारा मुलांची शाळा महाग वाटते, पण दहा वाड्यांची मिळून एकशे वीस मुलांची शाळा कोणालाही महाग वाटणार नाही. एखाद्या वाडीतले गुरुजी रजेवर गेले तर केंद्रातला राखीव शिक्षक तिथे जाईल. अपंग मुलांसाठीचे विशेष शिक्षक, कला-क्रीडा शिक्षक, कातकरी बोली जाणणारा वस्तीतलाच तरुण सहायक, हे सगळे वाडीवाडीवर ठरल्या वारी फिरतील. पाय चालवायचे तर ते मोठ्यांचे चालावेत.

पहिली-दुसरीची लहान मुलं घराजवळच शिकतील. थोरली मुलं पाऊस उघडल्यावर आठवड्यातून एक-दोन दिवस केंद्रशाळेत एकत्र येतील, तिथे खो-खोचा संघ होईल, प्रयोग होतील, नाटक बसेल. त्या दिवशी गाडी खाली रस्त्यावर थांबेल. सत्रांची विभागणी स्थलांतराकडे बघून होईल: जून ते दिवाळी हा काळ कातकरी मुलांसाठी सोन्याचा, तेव्हा त्यांच्या वाचन-गणिताला सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत चांगला शिक्षक. जाताना मूल आपल्या टप्प्याची कार्डं बरोबर नेईल आणि भट्टीजवळच्या शाळेला त्याच शिडीची खूण कळेल. आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी 'पुस्तक किती झालं?' हा प्रश्न सोडून एकेका मुलाला जवळ घेऊन विचारावं की मागच्या महिन्यापेक्षा तुला नवीन काय यायला लागलं.

याला पैसा लागेल. पण फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे: सगळ्यांच्या कष्टातून जमलेला पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो? सगळ्यांना सारखं देणं वेगळं आणि ज्याला ज्याची गरज ते देणं वेगळं. डोंगरातल्या मुलामागे जास्त खर्च येतो, कारण डोंगर त्याने निवडलेला नाही.

निर्णय होणं आणि तो खाली पोचणं यांतलं अंतर महाडइतकं कोणत्या गावाने जवळून पाहिलं असेल? सार्वजनिक पाणवठे आणि सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी ओंजळीत पाणी यायला मार्च १९२७ उजाडला आणि न्यायालयात तो हक्क कायम व्हायला १९३७. ठराव तळ्याच्या काठापर्यंत नेतो, खाली उतरून पाणी घेण्यासाठी माणसांनाच पायऱ्या उतराव्या लागतात.

शिक्षणाचा हक्क आज काठापर्यंत आला आहे. वाडीतल्या शाळेच्या हजेरीपटावर नावं आहेत, ती वाचली की मुलं 'हजर' म्हणतात. रामचंद्र मोऱ्यांचं नावही असंच वाचलं गेलं असेल आणि वर्गाच्या बाहेरून त्यांनीही 'हजर' म्हटलं असेल. आपण एवढंच करायचं: हजेरी झाल्यावर मान वर करून पाहायचं की तो आवाज कुठून आला, आणि त्या मुलाजवळ जाऊन बसायचं.